पोरींनो, नीट मोजा!

बी. ए.ला समाजशास्त्र घेतलेल्या मुली प्रकल्पासाठी प्रश्नावलीचे कागद घेऊन दारोदार फिरतात. "हे आकडे गोळा करून काय मिळतं गं तुम्हाला?" असं बायका त्यांना विचारतात. मैत्रिणींनो, खूप काही मिळतं. फक्त मोजणी प्रामाणिक हवी.

आपल्या बीड जिल्ह्याचंच बघा ना. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, अशी कुजबुज आमच्या दिंद्रुडच्या भागातही कितीतरी वर्षं होती. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्या वेगळ्या, म्हणून तुलना जपूनच करावी. पण एवढी तफावत नजरेआड कशी करणार? कुजबुज झटकून टाकता येते, आकड्याला मात्र उत्तर द्यावं लागतं.

म्हणून प्रकल्प करणाऱ्या पोरींना माझं सांगणं आहे. गेल्या वर्षीची फाइल उतरवून काढू नका. विचारायला कधी जाता, तेही बघा. जानेवारीत वस्तीवर, तांड्यावर गेलात तर म्हातारी माणसं नि लेकरंच जास्त भेटतील. कर्त्या बाया तेव्हा उसाच्या फडात असतात. मग त्यांचं दुखणं तुमच्या टक्केवारीत येणार कुठून?

प्रश्नही नीट हवा. "काम काय करता?" म्हटलं की बाई सांगते, "काही नाही, घरीच असते." त्यापेक्षा पहाटे कधी उठता, पाणी कुठून आणता, रानात किती तास राबता, असं एकेक विचारा. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एकच कोयता धरतात. तुमच्या तक्त्यात तरी त्या दोघांच्या दोन ओळी असू द्या.

आणि बायांनो, दारात आलेल्या पोरीला "आमचे हे घरी नाहीत" म्हणून परत पाठवू नका. उत्तर तुमचंच हवंय. चारचौघांत बोलणं जड जात असेल तर तिला आत स्वयंपाकघरात बसवा. नाव लिहू नको म्हणा, पण खरं तेच सांगा.