रॅपर संजू राठोड गाता गाता एवढा मोठा कसा झाला?

2024 च्या लग्नसराईत नांदेड-लातूरकडं ‘गुलाबी साडी’ वाजली नाही अशी वरात शोधावी लागेल. फेब्रुवारीत गाणं आलं आणि रील्सवर असं सुटलं, की मराठी न कळणारेही नाचले. गाणारा संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा घरातला. किनवट-माहूरच्या तांड्यावरच्या पोरांना तो आपला वाटला तर नवल नाही.

गडी रॅपर की गायक? दोन्ही. ठेका, बेस आणि बोलल्यासारखे भराभर येणारे शब्द हिप-हॉपचे. पण गाणं डोक्यात बसतं ते चालीमुळं. नुसतं रॅप ऐकायला कान तयार लागतो, चाल मात्र आज्जीही धरते. ‘नऊवारी’त हेच होतं, 2025 च्या ‘शेकी’तही हेच आहे. काही जण याला पाणी घातलेलं रॅप म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, लोकांना गुणगुणता येईल असं लिहिणं सोपं नसतं.

रॅपमधून गाण्याकडं जायची ही वाट अमेरिकेत जुनी आहे. लॉरिन हिल ‘फ्युजीज’ ग्रुपमध्ये रॅप करायची. 1998 मध्ये तिचा सोलो अल्बम आला, त्यात ती सोल गायली आणि पुढच्या वर्षी 5 ग्रॅमी घेऊन गेली. पण सोबतच्या संगीतकारांनी दावा ठोकला, आमच्या कामाचं श्रेय कुठंय? 2001 मध्ये ते कोर्टाबाहेर मिटलं.

हे आपल्याकडंही होऊ शकतं. ‘गुलाबी साडी’ लिहिली-गायली संजूनं, म्युझिक जी-स्पार्कचं, आणि तसं नाव लागतं. गावाकडं मात्र एक मित्र लॅपटॉपवर बीट बनवतो, दुसरा चार ओळी सुचवतो, तिसरा गातो आणि गाणं तिसऱ्याच्याच चॅनेलवर चढतं. चाललं नाही तर कुणी विचारत नाही. चाललं की भांडण.

म्हणून कुणाचा वाटा किती, हे गाणं टाकायच्या आधीच व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून ठेवा. लेबलचा करार आला तर 2012 ची कॉपीराइट दुरुस्ती आठवा: गीतकार-संगीतकारानं हक्क विकले तरी रॉयल्टीतला त्याचा समान वाटा करारानं काढून घेता येत नाही. आणि नेटवरून उचललेला ‘फ्री’ बीट बहुतेकदा कमाईसाठी फ्री नसतो. गाणं व्हायरल झालं की यूट्यूबवर क्लेम येतो आणि पैसे बीटवाल्याकडं वळतात.