भीड भिकेची बहीण

मंडळी, मे महिना उजाडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या समुद्राच्या दिशेने धावू लागतात. आम्हा लीड्सकरांचा समुद्र म्हणजे स्कारबरो. ए-६४ धरायचा, यॉर्कला वळसा घालायचा, आणि रहदारी नसेल तर दोन तासांच्या आत किल्ल्याची टेकडी दिसू लागते. डिकीत दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा असतोच. पण बंदरावर उतरले की चिप्सचा वास येतो, मुले हात ओढू लागतात आणि दशम्या डिकीतच राहतात.

या पानावर सहसा पेन्शन, मॉर्गेज आणि कोलेस्टेरॉल यांवर जाणकार लिहितात. मी जाणकार नाही. शिक्षणाने इंजिनियर, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण गेल्या उन्हाळ्यात बंदरावर जे घडले ते आरोग्याच्या खात्यातही बसते आणि पैशाच्या खात्यातही. म्हणून ही लुडबुड.

माझी आई सांगलीहून तिसऱ्यांदा आमच्याकडे आली होती. वय ७२, गळ्यात तुळशीची माळ, जन्मात कधी अंडेही खाल्लेले नाही. आधीच्या दोन्ही खेपांना आम्ही तिला स्कारबरोला नेले होते. इथल्या जेवणात तिला दोनच गोष्टी आवडल्या, चिप्स आणि त्यांच्याबरोबर मिळणारे मऊ शिजवलेले वाटाणे. "हे आपल्यासारखेच रात्रभर भिजत घातलेले दिसतात," असे तिने पहिल्याच घासाला ओळखले होते, आणि ते खरेच आहे. वाळवलेले वाटाणे सोडा घालून भिजवतात आणि मग शिजवतात. बंदरासमोरच्या बाकावर बसून आई ते चमच्याने चवीने खात असे. तिच्यासाठी इथे काहीतरी आहे याचे आम्हाला समाधान वाटे.

या वेळी रांगेत आमची नऊ वर्षांची मुलगी सर्वांत पुढे होती. काउंटरशी पोचताच तिने खणखणीत आवाजात विचारले, "तुम्ही हे कशात तळता?" तिच्या वर्गातली जिवलग मैत्रीण मुसलमान आहे. त्या घरात कुठेही गेले तरी हा प्रश्न विचारल्याशिवाय तोंडात घास जात नाही, तिथूनच ही सवय आली. मी ओशाळून तिला मागे ओढणार, तोच काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितले, "बीफ ड्रिपिंग, लव्ह. पहिल्यापासून तेच."

आईला इंग्रजी येत नाही. पण बीफ हा शब्द तिला कळतो.

आम्ही रांगेतून बाहेर आलो. आईने विचारले, "मागच्या वेळेलाही हेच होतं का रे?"

मी म्हणालो, "बहुतेक हो."

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं होतंस?"

याचेही उत्तर "नाही" हेच होते, पण ते देताना मला तिच्याकडे बघवले नाही. ती रागावली नाही, रडलीही नाही. "डिकीतल्या दशम्या आण," एवढेच म्हणाली. दशम्या खाल्ल्या, चहा प्यायली, आणि परतीच्या वाटेवर एकदाच म्हणाली, "तू विचारायचंस रे." नंतर दोन महिने ती इथे होती, पण बाहेरचे तिने पाण्याशिवाय काही घेतले नाही.

आता याची थोडी माहिती. ड्रिपिंग म्हणजे वितळवून गाळलेली चरबी, आणि बीफ ड्रिपिंग म्हणजे अर्थातच गोमांसाची. देशाच्या दक्षिणेकडे बहुतांशी वनस्पती तेलात तळतात, पण यॉर्कशायरमध्ये गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी परंपरा आहे आणि तिचा इथल्या लोकांना अभिमान आहे. ही चरबी कडक तापवली तरी लवकर बिघडत नाही, आणि तिच्यात तळलेले कुरकुरीत राहते. त्यामुळे प्रश्न फक्त शाकाहारी मंडळींचा नाही. माझी पत्नी रत्नागिरीची. आम्ही दोघे मासे खातो, गोमांस खात नाही. पण इथला हॅडॉक त्याच कढईत तळला जातो हे आमच्या इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते. ज्यांना गोमांस चालते त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी निदान ठाऊक असून खावे किंवा सोडावे.

यात दुकानाचा दोष आहे का? मला वाटत नाही. विचारले त्या क्षणी त्यांनी खरे सांगितले. कायदा काय म्हणतो तेही पाहा. डिसेंबर २०१४ पासून हॉटेले आणि चिप्सची दुकाने यांना सुट्या पदार्थांतल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. या यादीत दूध, अंडी, मासे, तीळ, शेंगदाणे आहेत, आपल्या फोडणीतली मोहरीसुद्धा आहे. गोमांस नाही, कारण यादी ॲलर्जीची आहे, श्रद्धेची नाही. म्हणजे कशात तळले हे आपणहून सांगण्याचे बंधन त्या यादीने दुकानावर येत नाही. विचारल्यावर ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही, पण विचारायचे काम आपले.

आणि तेच आपण करत नाही. ऑफिसात एखाद्या प्रोग्रॅमला बाहेरून येणारी माहिती तपासल्याशिवाय मी आत घेत नाही. ज्युनियरने घेतली तर त्याला बोलतो. तोच मी काउंटरसमोर उभा राहिलो की मुका होतो. मागे रांग आहे, आपला उच्चार त्यांना कळेल का, हे लोक फार चिकित्सक आहेत असे तर वाटणार नाही ना? आपल्या घराघरांत ही भीड आहे. तिला आपण सौजन्य समजतो. आपले जुने लोक तिला भिकेची बहीण म्हणत, आणि मी हिशेब मांडला तेव्हा ते शब्दशः खरे निघाले.

आदल्या वर्षीचे, आई नसतानाचे, एक बिल मला सापडले. टेबलावर बसून जेवलो होतो. दोन हॅडॉक आणि चिप्स ३३ पौंड, मुलांची दोन ताटे १७, ब्रेड-बटर आणि वाटाणे ६, पाण्याच्या चार बाटल्या ११. एकूण ६७. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ६ पौंड ७० पेन्स. आम्ही मुकाट्याने ७३ पौंड ७० पेन्स दिले. यातले पाणीच बघा. तिथे बिअर आणि वाईन मिळत होती. जिथे बसून दारू पिण्याचा परवाना आहे, तिथे मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागते. इंग्लंडमध्ये २०१० पासून तशी अट आहे. "टॅप वॉटर, प्लीज" हे तीन शब्द बोलायची लाज वाटली म्हणून, सर्व्हिस चार्ज धरून, १२ पौंड १० पेन्स गेले. उन्हाळ्यात असे तीनदा गेलो तर ३६ पौंड.

सर्व्हिस चार्जची गोष्ट थोडी वेगळी. बिलावर तो ऐच्छिक असल्याचे लिहिलेले असेल तर तो काढायला सांगता येतो. पण सेवा चांगली असेल तर मी तो देतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या कायद्यानुसार टिप आणि सर्व्हिस चार्जचे पैसे मालकाने स्वतःकडे न ठेवता कामगारांना द्यायचे आहेत. तेव्हा काटकसर करायची तर ती पाण्याच्या बाटलीवर करावी, ताट आणून देणाऱ्या पोरीच्या कमाईवर नको. आणखी एक बारीक गोष्ट. थंड सँडविच बाहेर नेऊन खाल्ले तर त्यावर व्हॅट नाही, तेच आत बसून खाल्ले तर २० टक्के. गरम चिप्सना मात्र ही सूट नाही, ते कुठेही बसून खा.

आता तब्येत. गंमत अशी की स्कारबरोला लोक येऊ लागले ते तब्येतीसाठीच. तिथल्या कड्याखाली औषधी पाण्याचा झरा सापडला आणि सतराव्या शतकात ते पाणी प्यायला माणसांची रीघ लागली. डॉ. रॉबर्ट विटी यांनी १६६० साली त्या पाण्यावर पुस्तकही लिहिले. आज आपण त्याच किनाऱ्यावर तळणाचा डबा मांडीवर घेऊन बसतो.

माझे वय ३८. इंग्लंडमध्ये एनएचएसची नेहमीची आरोग्य तपासणी ४० ते ७४ वयात होते. आपल्या वंशाच्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो, त्यामुळे २५ ते ३९ वयातल्या दक्षिण आशियाई लोकांनीही धोका तपासून घ्यावा असा इथला अधिकृत सल्ला आहे. बीएमआयची सावधगिरीची रेषाही आपल्यासाठी २५ ऐवजी २३ वर आहे. आईच्या प्रसंगानंतर मी दवाखान्यात फोन करून स्वतःहून रक्त तपासायला सांगितले. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ४३ आला. ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. विचारले नसते तर निदान दोन वर्षे कळले नसते.

म्हणून आता आमच्या घरात चार प्रश्न ठरले आहेत. पहिला, कशात तळता? गोमांसाची चरबी असेल तर दुसरे दुकान, वनस्पती तेलात तळणारी दुकाने यॉर्कशायरमध्येही आहेत. मात्र शाकाहारी म्हणजे हृदयाला हितकारक असे समजू नका. पाम तेलातही जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. दुसरा, मासे आणि चिप्स एकाच कढईत तळता का? शाकाहारी पाहुणा बरोबर असेल तर हा महत्त्वाचा. तिसरा, लहान आकाराचे मिळेल का? पुष्कळ ठिकाणी मिळते, फक्त पाटीवर ते कोपऱ्यात असते. कॅलरी छापण्याची सक्ती इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून आहे, पण ती २५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांवर. बंदरावरच्या घरगुती दुकानात तो आकडा दिसेलच असे नाही, तिथे अंदाज आपणच करायचा. चौथा, मासा भाजून मिळेल का? आपल्या बांगड्याचा इथला भाऊबंद मॅकरेल आहे, आणि आठवड्यातून एकदा असा तेलकट मासा खावा असे एनएचएसच सांगते. मीठ मात्र आपल्या हाताने घालतो. प्रौढ माणसाला दिवसाला ६ ग्रॅम पुरे, आणि काउंटरवरचा हात सढळ असतो.

दारावरचा हिरवा-काळा स्वच्छतेचा आकडा, शून्य ते पाच, तोही मी पाहतो. इंग्लंडमध्ये तो लावण्याची सक्ती नाही, वेल्समध्ये आहे. दिसला नाही तर विचारायचे. पण तो स्वयंपाकघराच्या स्वच्छतेचा आकडा आहे. कढईत काय आहे, ते तो सांगत नाही.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, एवढी यातायात कशाला, दशम्या आहेतच की. मला दशम्या प्रिय आहेत. पण दर वेळी कारपार्कमध्ये डबा उघडायचा आणि काच वर करून खायचे, यात मुलांना हे गाव आपले कधी वाटायचे? ती इथेच जन्मली आहेत. त्यांनी बाकावर बसून, एक डोळा सीगलवर ठेवून, चिप्स खावेत असे मला वाटते. आणि काही तरुण म्हणतील, न कळत पोटात गेले त्याचे कसले पाप? पापाचा हिशेब मला येत नाही. एवढेच कळते की आईने माझ्या भरवशावर खाल्ले होते, आणि मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

येत्या उन्हाळ्यात मंडळाची सहल समुद्रावर नेण्याचे घाटत आहे असे ऐकतो. बसमध्ये आजी-आजोबा असतील, नुकतीच भारतातून आलेली जोडपी असतील. माझी कमिटीला विनंती आहे की निघण्याच्या आधी तिथल्या आठदहा दुकानांना फोन करून कशात तळतात ते विचारावे आणि त्याची यादी बसमध्ये सर्वांना वाटावी. फोन करण्याचे काम मी घेतो. नाहीतर माझी मुलगी घेईल, तिला माझ्यापेक्षा चांगले जमते.