मनाचा दवाखाना आणि विद्यापीठ

नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकास लोक अद्यापि ‘पागलखाना चौक’ म्हणतात. संस्थेचे नाव केव्हाच पालटले. परंतु १८६४ साली स्थापन झालेल्या त्या वेड्यांच्या इस्पितळाची धास्ती शहराच्या जिभेवरून उतरलेली नाही. परीक्षेच्या भयाने झोप उडालेला विद्यार्थी किंवा बाळंतपणानंतर अकारण रडणारी सून यांना त्या फाटकाशी जा म्हणणे म्हणजे घरीच बसा म्हणण्यासारखे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून राहत असल्याचे आढळले, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

मग या माणसांनी जावे कोठे? विद्यापीठाच्या दारी, असे आमचे उत्तर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने भर वस्तीत मानसोपचाराचा दवाखाना चालवावा आणि विद्यार्थ्यांनी अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तेथेच शिकावे. कल्पना नवी नव्हे. लायटनर विटमर यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ साली असा दवाखाना काढला, आणि चिकित्सा-मानसशास्त्राचा आरंभ तेथूनच मानला जातो. मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये, स्वतःच्या स्थापनेनंतर वर्षभरातच, बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येत देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा उल्लेख केला आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम या दवाखान्याशी जोडलेला असावा, हे ओघानेच आले.

गरिबांच्या मनावर पोरांनी हात बसवून घ्यावयाचा काय, असा आक्षेप येईल. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. ‘मेडिकल’च्या बाह्यरुग्ण विभागात शिकाऊ डॉक्टर रोग्यास तपासतात, हे नागपूरकरांच्या अंगवळणी पडले आहे, परंतु तेथील चूक वरिष्ठांच्या नजरेस पडण्याचा संभव असतो. बंद खोलीत उच्चारलेला एक निष्ठुर शब्द कोणाच्या दृष्टीस पडावा? म्हणून देखरेख कागदावरची चालणार नाही. प्रत्येक भेटीची त्याच आठवड्यात शिक्षकाशी चर्चा व्हावी. समोरची व्यक्ती विद्यार्थी आहे हे रुग्णास आधी सांगावे, त्याला नकार देण्याची मुभा असावी, आणि जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याची सोय असावी.

हे काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या माथी मारून भागणार नाही. शिवाय विद्यापीठास मे महिन्याची सुटी असते, दुःखास नसते. दवाखाना बारमाही हवा. आगामी अर्थसंकल्पात निदान दोन पूर्णवेळ पर्यवेक्षकांची तरतूद व्हावी, अशी आमची मागणी आहे. इमारतीचा प्रश्न मागाहून पाहता येईल. आरंभास चार खोल्या आणि नीट बंद होणारी दारे पुरेत.