चिकन परत आले, आरक्षण मात्र गेलेच!

"अहो, विमानात कसली आली जात? तिकीट काढले की सगळे सारखेच!"

मुंबईहून दिल्लीला जाताना शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी आम्हाला हे ऐकवले. आम्ही तिघे कार्यकर्ते एका बैठकीसाठी निघालो होतो. पहाटे तीनला पनवेलहून टॅक्सी केली होती, पोटात फक्त चहा होता. तिकीट इकॉनॉमीचे, पण कंपनी 'फुल सर्व्हिस', म्हणजे जेवणाचे पैसे तिकिटातच घेतलेले. विमान वर गेले, पुढच्या बिझनेस क्लासचा पडदा सरकला आणि बऱ्याच वेळाने जेवणाची गाडी आमच्या सत्ताविसाव्या रांगेपर्यंत पोहोचली. "सॉरी सर, नॉनव्हेज संपले. व्हेज चालेल ना?" पडद्यापलीकडे मात्र काही संपले नव्हते. वास येत होता.

आम्ही उपमा खाल्ला. उपम्याशी आमचे भांडण नाही. पण 'तिकीट काढले की सगळे सारखे' या वाक्याशी आहे, आणि ते भांडण जुने आहे.

तिकीट तेव्हाही होते

बाबासाहेबांच्या प्रवासाच्या आठवणी आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनपर्यंत रेल्वेने आला. तिकीट होते, अंगावर नीटनेटके कपडे होते. स्टेशन मास्तर आस्थेने चौकशी करत होता. जात कळली आणि त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाला यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. वाटेत पाणी मिळाले नाही. दुप्पट पैसे मोजूनही प्यायला घोटभर पाणी नाही!

१९२९ साली हाच मुलगा परदेशातल्या पदव्या घेतलेला बॅरिस्टर होऊन चाळीसगावला उतरला. टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेब जखमी झाले.

आणि आम्हा पनवेलकरांना सोनबा येलवे कसे विसरता येतील? महाडच्या वाटेवर बाबासाहेबांना पनवेलला तहान लागली, कुणी पाणी दिले नाही, सोनबा पाणी घेऊन धावत पोहोचेपर्यंत गाडी निघून गेली. पुढे कित्येक वर्षे सोनबा माठ भरून त्या वाटेवर बाबासाहेबांची वाट पाहत राहिले. ही गोष्ट आमच्या वस्त्यांमध्ये आजही डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते.

म्हणून प्रवासात कुणाला काय प्यायला मिळते आणि काय खायला मिळते, हा प्रश्न आमच्यासाठी कधीच क्षुल्लक नव्हता. तिकिटाने माणूस गाडीत बसतो. तिथे त्याला कसे वागवायचे, हे दुसराच कुणी ठरवतो.

२०१७ चे तीन महिने

आता सरकारी एअर इंडियाचे प्रकरण आठवा. तारखा नीट लक्षात ठेवा, कारण त्या तारखाच सगळे बोलतात.

२७ एप्रिल २०१७. पंतप्रधानांनी शिमल्यात 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानाला झेंडा दाखवला. हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसला पाहिजे, अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या.

२८ जून २०१७. केंद्रीय मंत्रिमंडळाने एअर इंडिया विकायला तत्त्वतः मंजुरी दिली.

जुलै २०१७. एअर इंडियाने जाहीर केले की देशांतर्गत विमानांत इकॉनॉमी क्लासच्या प्रवाशांना यापुढे फक्त शाकाहारी जेवण मिळेल. छोट्या पल्ल्याच्या विमानांत तर हे आधीपासूनच सुरू होते. आणि बिझनेस क्लास? तिथे मांसाहार पूर्वीसारखाच चालू राहील!

म्हणजे चप्पलवाल्याला विमानात बोलावले आणि तो बसायच्या आत त्याच्या ताटातला तुकडा काढून घेतला.

कारणे काय दिली? खर्च वाचेल. अन्न वाया जाणार नाही. शाकाहारी प्रवाशाला चुकून मांसाहारी डबा जाणार नाही.

एकेक कारण तपासू. खर्च वाचवायचा होता, तर तो पुढच्या महागड्या ताटातून का वाचला नाही? पन्नास हजार कोटींहून अधिक कर्ज डोक्यावर असलेली कंपनी आमच्या कोंबडीच्या दोन तुकड्यांमुळे बुडाली होती काय? अन्न वाया जाते म्हणता, तर तिकीट काढतानाच प्रवाशाला पसंती विचारा. ती सोय विमान कंपन्यांकडे कित्येक वर्षांपासून आहे. जैन जेवण, मधुमेहींचे जेवण, शाकाहारी जेवण अशा प्रत्येकाचे वेगळे चिन्ह असते. गंमत म्हणजे, जगभरच्या विमान कंपन्यांच्या यादीत 'हिंदू जेवण' नावाचा जो प्रकार आहे, तो बहुतेक ठिकाणी मांसाहारी असतो. त्यात फक्त गोमांस नसते. विमानवाल्यांना जे कळते, ते आमच्या संस्कृतिरक्षकांना कळत नाही!

राहिली डब्यांची अदलाबदल. ती फक्त मागेच होते आणि पुढे होत नाही, हे कसे? पुढेही शाकाहारी बसतात. पुढेही तेच कर्मचारी वाढतात. त्यांच्या भावना दुखावत नाहीत काय?

खरी गोष्ट अशी की शुद्धतेचा नियम या देशात सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. ज्याच्याकडे पैसा आणि प्रतिष्ठा, त्याच्या खाण्याला 'आवड' म्हणतात. ज्याच्याकडे नाही, त्याच्या खाण्याला 'सवय' म्हणतात, आणि सवय सुधारायची असते! कोण काय खातो यावरून माणसाची पायरी कशी ठरवली गेली, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात गोमांसाच्या संदर्भात मांडले आहे. विमानातला तो पडदा पैशाचा होता. २०१७ मध्ये त्या पडद्यावर सोवळ्याचा रंग चढवला गेला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातले १५ ते ४९ वयोगटातले ८० टक्क्यांहून अधिक पुरुष आणि सुमारे ७० टक्के महिला कधी ना कधी मांसाहार करतात. हा देश शाकाहारी नाही. देशाच्या वतीने नियम करणारे शाकाहारी आहेत, किंवा तसे दाखवणारे आहेत.

'यापेक्षा मोठे प्रश्न नाहीत का?'

आपल्यातलेच काही मित्र विचारतील, शिष्यवृत्ती रखडल्या आहेत, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही विमानातल्या चिकनवर लिहिता?

मित्रांनो, चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनी महाडलाच सांगितले होते. प्रश्न पाण्याचा नव्हता, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्याचा होता. आपल्यातले कितीतरी बांधव शाकाहारी आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. आमचा आग्रह मांस खाण्याचा नाही. माझ्या ताटात काय असावे हे मी ठरवीन, एवढाच आमचा आग्रह आहे.

आणि खरा मुद्दा तर पुढेच आहे.

काय परत आले, काय गेले

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशांतर्गत विमानांसाठी नवा मेनू आला आणि मागच्या रांगांमध्ये चिकन परत आले. आपल्याही काही तरुणांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. 'बघा, सरकारने काढले, बाजाराने दिले!'

थांबा. बाजाराने काय दिले आणि बाजाराने काय नेले, याचा हिशेब मांडा.

एअर इंडिया सरकारी होती तेव्हा तिच्या नोकरभरतीला आरक्षण लागू होते. केंद्राच्या नियमाने अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५ टक्के, ओबीसींना २७ टक्के. ते नीट भरले जात होते का, अनुशेष किती होता, यावर भांडता येत होते. माहिती अधिकार लावता येत होता, अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येत होते. विक्रीच्या अटींत काय होते? आहे त्या कर्मचाऱ्यांना वर्षभर काढायचे नाही. एक वर्ष! त्यांच्या मुलांच्या पिढीसाठी असलेल्या राखीव जागांचे काय? कंपनी खासगी झाली आणि राखीव जागांचे बंधन संपले.

कोंबडी परत आली, कारण प्रवासी गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाईकाला खूश ठेवावे लागते. नोकरीतला वाटा परत आला नाही, कारण तिथे आपण गिऱ्हाईक नसतो, नागरिक असतो. बाजार नागरिकाला ओळखत नाही. पैशाने मिळणारी प्रत्येक गोष्ट बाजार देईल. प्रतिनिधित्व पैशाने मिळत नाही, म्हणून ते बाजार कधीच देणार नाही.

आणि म्हणूनच 'तिकीट काढले की सगळे सारखे' हे वाक्य धोकादायक आहे. ते आपल्याला गिऱ्हाईक बनवते आणि मग गप्प बसवते.

आता विमानतळ आपल्या दारात आहे

हे सगळे दिल्ली-मुंबईचे असते तर एक वेळ सोडून दिले असते. पण नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ आपल्या पनवेल तालुक्यात उभा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ ला विमाने उडू लागली. तारीख पुन्हा वाचा. २५ डिसेंबर! १९२७ साली याच तारखेला, याच जिल्ह्यात, महाडला मनुस्मृती जाळली गेली.

या विमानतळासाठी दहा गावे उठली. जमीन गेली त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा हिशेब आहे, आणि तो लढूनच मिळाला. पण ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या बौद्धवाड्यांतल्या आणि कातकरीवाड्यांवरच्या मजुराच्या वाट्याला काय? जमीन घेताना 'सार्वजनिक हित' होते. आता विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत ७४ टक्के वाटा अदानींचा आणि २६ टक्के सिडकोचा आहे. नोकरीचा प्रश्न विचारला की उत्तर मिळते, 'कंपनी खासगी आहे.' जमिनीपुरते सरकार आणि नोकरीपुरते खासगी, हा कुठला न्याय?

आम्हाला दिसते ते असे. आपली पोरे टर्मिनलवर ट्रॉल्या ढकलतील, संडास धुतील, ठेकेदाराच्या गणवेशात बॅगा उचलतील. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. पण काउंटरवर, कॉकपिटमध्ये, मेनू ठरवणाऱ्या खोलीत कोण असेल? तिथे आपण नसलो की २०१७ सारखे नियम होतात. सत्ताविसाव्या रांगेत बसून ते बदलत नाहीत.

म्हणून पनवेल-उरणच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. विमानतळावर सेल्फी जरूर काढा, विमानात बसा, हक्काने खा. पण त्याच आठवड्यात एक अर्जही करा. सिडको सरकारी कंपनी आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. विचारा, विमानतळाच्या कामासाठी किती जणांना प्रशिक्षण दिले, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, भूमिहीन कुटुंबांतले किती, कायम किती आणि ठेक्यावर किती. उत्तर नाही आले तर अपील करा. आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त बांधवांना सोबत घ्या. हा लढा त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांच्यासोबतचा आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या आणि नंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक उद्योगात आरक्षण कायद्याने चालू राहिले पाहिजे. जनतेच्या जमिनीवरच्या प्रत्येक विमानतळाने आपल्या नोकरभरतीची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर केली पाहिजे. आणि पूर्ण भाडे घेणाऱ्याने पडद्याच्या दोन्ही बाजूंना निवडीचा सारखा हक्क दिला पाहिजे.

सोनबांनी माठ भरून वाट पाहिली, ती त्यांची निष्ठा होती. आपण मात्र नुसती वाट पाहून चालणार नाही.

जय भीम!