औषध नव्हे, विष

शेतकरी भावांनो, कपाशीवर फवारतो त्याला आपण औषध म्हणतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात याच ‘औषधा’ने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दोष कुणाला दिला? हातमोजे घातले नाहीत म्हणून मेलेल्यालाच! कारखान्यात असे घडले तर मालकाला जाब विचारतात. शेतही कामाचीच जागा आहे.

डब्यावरचा त्रिकोण पाहा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मनाने दोन विषे मिसळू नका. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका. घाम-लाळ सुटली, नजर अंधुक झाली की पंप उतरवा, कपडे काढून साबणाने अंग धुवा, डबा घेऊन दवाखाना गाठा.

पंप मजुराच्या पाठीवर असेल तर हे त्याला सांगणे आपले काम. विषाबरोबर हातमोजे-मुखवटा देणे विकणाऱ्याचे काम झाले पाहिजे, ही आपली मागणी.