श्वान आणल्यानंतर

तंजावरनजीक ओरत्तनाडू येथे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंना अन्न, रुग्णांना औषध. खर्च मात्र नेमून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून. या दानामागील हिशेब आजही उपयोगी आहे.

अपस्मारग्रस्त बालकासाठी प्रशिक्षित श्वान घ्यावयाचा तर वर्गणी उत्साहाने जमते. झटका येताच असा श्वान भुंकून घरच्यांना बोलावतो, मुलाजवळ थांबतो. औषधे त्याने सुटत नाहीत. शिवाय श्वानाचा आहार, लसी, सरावाची उजळणी यांचा वर्षानुवर्षांचा भार आईवडिलांवरच पडतो. त्यासाठी जमलेल्या निधीचा काही भाग मुदत ठेवीत गुंतवावा. (बँकेच्या मासिकाने हे सांगावे, यात नवल ते काय!) वर्गणीच्या आवाहनातच खरेदीची आणि सांभाळाची रक्कम वेगवेगळी नमूद करणे इष्ट.