देवाची तलवार उसनी असते

गेल्या पावसाळ्यात आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर एका पॅलाडिनने शरण आलेल्या कैद्याला मारून टाकलं. कारण काय, तर ‘याला सोबत कोण वागवणार?’ हातात होती होली ॲव्हेंजर, म्हणजे देवाच्या कृपेची तलवार. डीएम मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तक उघडलं. तलवारीला काहीच झालं नव्हतं. फटक्याला अधिक तीन, सैतान-पिशाच्चांवर दहा बाजूंचे दोन फासे जादा, सगळं जागच्या जागी.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: देवाने दिलेल्या वस्तूंचे पाचव्या आवृत्तीतले नियम देवालाच विसरून लिहिलेत.

२०१४च्या नियमांत अशी वस्तू आपलीशी करायला ‘अट्यूनमेंट’ लागतं. तासभर तिच्यापाशी बसा, एका वेळी जास्तीत जास्त तीन वस्तू, आणि या तलवारीसाठी तुम्ही पॅलाडिन हवेत. संपलं. ही नाळ तुम्ही मेलात तर तुटते, वस्तू चोवीस तास शंभर फुटांपलीकडे राहिली तर तुटते. देव रागावला तर तुटते, असं कुठेच नाही. शपथ मोडणाऱ्या पॅलाडिनबद्दल एक चौकट आहे, पण ती त्याच्या क्लासबद्दल, आणि तीही डीएमच्या मर्जीवर सोडलेली. मग देवाची तलवार आणि एखाद्या जादूगाराने घडवलेली तलवार यांत फरक उरतो तो फक्त आकड्यांचा.

आपण तर वेगळ्याच गोष्टी ऐकत वाढलो. इंद्राने कर्णाला शक्ती दिली ती एकदाच वापरायला. ती घटोत्कचावर खर्च झाली आणि अर्जुन वाचला. परशुरामाशी खोटं बोलल्यामुळे कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवेना. अर्जुनालाही शेवटी गांडीव वरुणाला परत करावं लागलं. तिथे अट हीच गोष्ट आहे. अट काढा, कर्ण उरत नाही.

‘म्हणजे डीएमला दादागिरीचा परवाना?’ ही भीती खरी आहे. १९७८च्या हँडबुकात जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं जायचं. दुष्कृत्य कशाला म्हणायचं, यावर भांडायला जागाच जागा. पण म्हणूनच तर नियम हवा. नियम नसला की डीएमचा मूडच उरतो. माझ्या टेबलावर आता तीन नियम आहेत. देव अट आधी सांगतो, खेळाडूच्या तोंडावर, आणि ती कॅरेक्टर शीटवर लिहिली जाते. अट मोडली तर वस्तू मुकी होते, तुटत नाही. आणि तिला पुन्हा बोलतं करायचा रस्ता असतो. महागडा, पण असतो.

त्या रात्री मी पुस्तकाप्रमाणे वागलो आणि म्हणालो, ‘चला, पुढचा टर्न कुणाचा?’ त्या कैद्याचं नावही कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. तोच प्रसंग पुन्हा आला, तर तलवार विझेल. मग टेबलावर कुणीतरी विचारेलच, ‘का?’